दोन कोटेशनं समोर आहेत: आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीसाठी कुठला डेस्कटॉप घ्यावा?

जाईजुई

नमस्कार मंडळी,

लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गेली. पहिलं वर्ष ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि माउंटबोर्ड कापण्यात गेलं. आता ऑटोकॅड आणि स्केचअप सुरू झालंय, पुढच्या सेमिस्टरला रेविट आहे (तिन्ही ड्रॉइंग-मॉडेलची सॉफ्टवेअरं). घरातला डेस्कटॉप २०१४चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे नवीन घेणं आता टाळता येणार नाही.

पुण्यातल्याच दोन दुकानांतून कोटेशनं आणली. दोन्ही असेंबल्ड.

पहिलं: इंटेल कोअर आय५-१४४००, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॅट एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), काचेचं दार आणि तीन रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट.

दुसरं: एएमडी रायझन ५ ८६००जी, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ (८ + ८), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅट ब्राँझ एसएमपीएस, साधं काळं कॅबिनेट.

दुसरं अडीच हजारांनी महाग आहे. दोन्हीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पहिल्या दुकानदाराने सांगितलं, "ताई, यात १० कोअर आहेत, त्यात ६. डोळे झाकून हा घ्या." दुसरा म्हणाला, "यात एआय आहे." मी बँकेत नोकरी करते, आकड्यांना भीत नाही, पण हे आकडे एकमेकांशी जुळवायचे कसे तेच कळत नाही. मुलीच्या बाबांचं म्हणणं, मशीन पाच-सहा वर्षं चाललं पाहिजे.

अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

---

पेठकरी

आधी एक विचारतो. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायला, कॉलेजात मशीन न्यावं लागत नाही का? माझा पुतण्या आर्किटेक्चरलाच आहे, त्याच्या वर्गात सगळ्यांकडे लॅपटॉप आहेत. डेस्कटॉप कुठे स्कूटीवरून नेणार?

---

जाईजुई

पेठकरी, ज्युरीला शीट्सची प्रिंट आणि मॉडेल न्यायचं असतं. एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर पीडीएफ दाखवता येते. खरं काम रात्री घरी बसून होतं, आणि तिला २४ इंची मॉनिटर हवाय. त्यामुळे डेस्कटॉप ठरलेला आहे.

---

सोनटक्का

जाईजुई ताई, मी अठरा वर्षं मशीन जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतोय, थोडं सविस्तर लिहितो.

कोटेशनमध्ये जे छापलंय त्याच्याइतकंच जे छापलेलं नाही ते बघा. पहिल्या कोटेशनात "१६ जीबी डीडीआर४" लिहिलंय, पण एक स्टिक (रॅमची पट्टी) की दोन, ते नाही. एसएसडी कुठली, जेन ३ की त्याहून वेगवान जेन ४, ते नाही. एसएमपीएसची कंपनी नाही. प्रोसेसर बॉक्सचा की ट्रेचा, ते नाही. ट्रेचा म्हणजे सुटा आलेला, त्यावर कंपनीची थेट तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही आणि पंखाही वेगळा घ्यावा लागतो. दुसऱ्याने निदान ८ + ८ आणि ब्राँझ एवढं तरी लिहिलंय.

आता प्रोसेसर. १४४०० मधले १० कोअर एकसारखे नाहीत. ६ मोठे आणि ४ लहान. मोठे कोअर ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, लहान ३.५ पर्यंत. थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) मिळून १६. रायझन ८६००जी मध्ये ६ कोअर, सगळे सारखे, १२ थ्रेड, ५ गिगाहर्ट्झपर्यंत. दोन्ही जानेवारी २०२४चे, दोन्हींची मूळ पॉवर ६५ वॅट. इंटेलचा जोरात पळताना १४८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एच६१०च्या स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर बऱ्याचदा हीटसिंकच नसतो. मग लांब रेंडर (मॉडेलचं फोटोसारखं चित्र तयार करणं) लावलं की बोर्ड तापतो आणि वेग उतरतो. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे मी खूपदा बघितलंय.

तुमच्यासाठी सर्वांत मोठा फरक आतल्या ग्राफिक्सचा आहे. १४४०० मध्ये यूएचडी ७३०. विंडोज, यूट्यूब, एक्सेल, टूडी ऑटोकॅड यांना पुरे. ८६००जी मध्ये रेडिऑन ७६०एम, ते याच्या कितीतरी पुढे आहे. वेगळं कार्ड लगेच घेणार नसाल, तर स्केचअपचं मॉडेल फिरवताना मुलीला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

आणि हो, कोटेशनात १४४०० असू दे आणि हातात १४४००एफ आला, तर परत करा. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

---

चकमक

सोनटक्का दादा, मोठे असोत की लहान, १० म्हणजे १० आणि १६ थ्रेड म्हणजे १६. रेंडरला सगळे लागतात. मी व्ही-रे हे रेंडरचं सॉफ्टवेअर सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवरच चालवतो, तिथे जितके थ्रेड तितका फायदा. माझ्याकडे इंटेल आहे, तीन वर्षांत एकदा तक्रार नाही. उगाच इंटेलला मागे का टाकायचं?

---

रेघोटी

चकमक, व्ही-रेबद्दल तुमचं बरोबर आहे. सीपीयूवर रेंडर करताना सगळे कोअर कामाला लागतात.

पण मी स्वतः आर्किटेक्ट आहे, कर्वेनगरला आमचं छोटं ऑफिस आहे, आणि विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो ते मला माहीत आहे. शंभरातला नव्वद वेळ रेघा ओढण्यात, मॉडेल फिरवण्यात, भिंत सरकवून सेक्शन परत बघण्यात जातो. ऑटोकॅड आणि रेविट ही कामं मुख्यतः एकाच कोअरवर करतात. भिंत सरकली की तिला जोडलेली खिडकी सरकते, मग स्लॅब, मग शेड्यूल. एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही, त्यामुळे बाकीचे कोअर बसून राहतात. तिथे एका कोअरचा वेग बघायचा, आणि त्यात या दोघांत हाताला कळेल असा फरक नाही.

ताई, माझ्या मते खरा प्रश्न रॅमचा आहे. रेविटसाठी ऑटोडेस्क स्वतःच किमान १६ जीबी सांगतं आणि बऱ्या कामासाठी ३२. आता चित्र डोळ्यांसमोर आणा: रेविट उघडं, बाजूला ऑटोकॅडची फाइल, फोटोशॉपमध्ये शीट, क्रोममध्ये पिंटरेस्टच्या वीस टॅब आणि व्हॉट्सॅपवर ग्रुप. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं एकदम उघडं असतं. माझ्याकडे इंटर्नशिपला आलेल्या एका मुलीचं रेविट रात्री दीडला बंद पडलं, सेव्ह केलेली फाइल दोन तास जुनी होती. ती रडली नाही, गप्प बसून परत काढायला लागली, पण मला तो चेहरा आठवतो. तिच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम होती.

---

सोनटक्का

रेघोटी, तुमच्या मुद्द्याला एक जोड. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी घेऊन येत नाही, मशीनच्या रॅममधूनच वाटा उचलतं. ८६००जीला बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ४ जीबी दिली की १६ मधली १२ उरते. म्हणजे दुसऱ्या मशीनला ३२ची गरज पहिल्यापेक्षा जास्त आहे. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

---

निळा_पतंग

मला रॅमच्या स्टिकबद्दल बोलायचंय. मी एक स्टिक घेऊन फसले होते. सदाशिव पेठेतल्या एका दुकानात मला सांगितलं, "मॅडम, डीडीआर५ची एकच काडी ड्युअल चॅनेल असते, दोन कशाला?" घरी सीपीयू-झेड (मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर तिथे "२ x ३२ बिट" दिसलं. मला वाटलं खरंच असेल. पण मॉडेल फिरवताना सारखं अडखळायचं. चार महिन्यांनी दुसरी तशीच स्टिक टाकली आणि अडखळणं थांबलं. कुणी नीट समजावेल का, हे काय गौडबंगाल आहे?

---

सोनटक्का

गौडबंगाल नाही, अर्धवट सांगितलेली खरी गोष्ट आहे. डीडीआर४च्या एका स्टिकचा रस्ता ६४ बिटचा. डीडीआर५ने तोच ६४ बिट मध्ये दुभाजक टाकून ३२ आणि ३२ असा विभागला. लेन दोन झाल्या तरी रस्त्याची रुंदी वाढली नाही. दोन स्टिक लावल्या की सीपीयू-झेडमध्ये "४ x ३२ बिट" दिसतं, तेव्हा खरी रुंदी दुप्पट होते.

पुण्याच्या भाषेत, एक स्टिक म्हणजे डेक्कनहून पेठेत यायला फक्त लकडी पूल. दुसरी स्टिक म्हणजे शेजारचा पूलही उघडला. गाड्या त्याच, पण कोंडी होत नाही.

आकड्यांत सांगायचं तर डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा नेते, दोन असल्या तर ५१.२. डीडीआर५-५२०० ची एक ४१.६, दोन ८३.२. वेगळं कार्ड नसेल तेव्हा ग्राफिक्सचं सगळं खाणंपिणं याच रस्त्याने येतं, म्हणून तुम्हाला इतका फरक जाणवला. वेगळं कार्ड असेल तर त्याची मेमरी त्याच्यावरच असते, मग हा फरक खूप कमी होतो.

---

निळा_पतंग

आता समजलं! चार महिने मी माझ्याच मॉडेलला दोष देत होते.

---

अर्धविराम

मी डीटीपीवाला, तीस वर्षं शनिवार पेठेत. दिवाळी अंकांची पानं लावतो. आमच्याकडे पेजमेकरच्या काळात १६ एमबी रॅम घेतली तर शेजारचे बघायला आले होते. एमबी, जीबी नव्हे.

ताईंना एकच सांगतो. डिस्क मोठी घ्या. ५१२ जीबी पहिल्या वर्षी भरपूर वाटते. विंडोज, ऑटोडेस्कची दोन-तीन सॉफ्टवेअरं आणि अडोबी टाकलं की त्यातलंच बरंच जातं, वर मुलीची मॉडेलं आणि टेक्श्चर. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते. आणि कामाची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच. एसएसडी जाते तेव्हा हार्ड डिस्कसारखा खटखट आवाज करून आधी कळवत नाही. २०१९ साली ऐन गणपतीत एका अंकाची ९६ पानं माझ्याकडून गेली, ती सात जणांनी मिळून परत टाइप केली.

---

पेठकरी

अर्धविराम काका, सात जणांना जेवायला काय होतं ते पण सांगा.

---

अर्धविराम

मटकीची उसळ आणि उकडीचे मोदक. गणपतीच होते ना!

---

जाईजुई

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही दुकानांत फोन केला. पहिल्याकडे रॅमची एकच स्टिक आहे, एसएसडी जेन ३ आहे. एसएमपीएसची कंपनी विचारली तर म्हणाले, "चांगली आहे, आम्ही सगळ्यांना तीच देतो." ३२ जीबी मागितली तर त्यांनी वेगळाच प्रस्ताव दिला: रॅम १६च ठेवा, त्याच पैशात २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाकतो. जीटी ७३०. कार्ड असणं केव्हाही चांगलंच ना?

---

सोनटक्का

नाही!! घेऊ नका.

जीटी ७३० हे २०१४चं कार्ड आहे. तुमच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या वयाचं. दुसऱ्या कोटेशनातल्या प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा जोरदार आहे. रेविटच्या चांगल्या थ्रीडी डिस्प्लेसाठी ४ जीबी ग्राफिक्स मेमरी सांगितलेली आहे, ते तिथेही पुरत नाही.

---

रेघोटी

पूर्ण सहमत. पुढे कार्ड घ्यायची वेळ आली, आणि एन्स्केप किंवा लुमिऑन ही रेंडरची सॉफ्टवेअरं शिकवायला लागले की ती येईलच, तेव्हा एनव्हिडियाचं आरटीएक्स घ्या. तिथेही नाव पूर्ण वाचा. आरटीएक्स ३०५० नावाची ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डं बाजारात आहेत. ६ जीबीवालं २०२४ साली आलं, ते फक्त मेमरी कापलेलं ८ जीबी नाही. त्यात कोअरही कमी (२५६० ऐवजी २३०४) आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटऐवजी ९६ बिट. त्याची जमेची बाजू म्हणजे ७० वॅटमध्ये चालतं, साध्या एसएमपीएसवरही निभतं. ८ जीबीवालं १३० वॅट मागतं.

---

चकमक

इथे मी एक मुद्दा मांडतो, आणि तो इंटेलच्या बाजूचा आहे. ८६००जी मध्ये ग्राफिक्स कार्डासाठी आठच लेन (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या वाटा) आहेत, १४४०० मध्ये सोळा. उद्या कार्ड टाकलं की एएमडीवाल्याला अर्धाच रस्ता. हे कोणी सांगितलं नाही.

---

सोनटक्का

चकमक, हे तुम्ही बरोबर पकडलंत, माझ्याकडून राहिलं होतं. ८६००जी मध्ये पीसीआय एक्स्प्रेस ४च्या आठच लेन कार्डाला मिळतात. पण रेघोटींनी सांगितलेली ३०५०, किंवा ४०६०, ही कार्डं मुळातच आठ लेनची आहेत. त्यांना सोळा दिल्या तरी आठच वापरतात. त्यामुळे या बजेटमध्ये फरक पडणार नाही. कोणी खूप मोठं कार्ड घेणार असेल, तर मात्र ८६००जी घेऊच नये. त्याने आतलं ग्राफिक्स कमी असलेला रायझन ५ ७६०० घ्यावा, त्यात ३२ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, ८६००जीत १६.

पुढच्या अपग्रेडचंही सांगतो. १४४००चं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) एलजीए१७००. इंटेलने ऑक्टोबर २०२४मध्ये नवे प्रोसेसर आणले ते एलजीए१८५१वर. म्हणजे त्या बोर्डावर वर चढायला १४व्या पिढीपर्यंतच जागा. ८६००जीच्या एएम५ सॉकेटला एएमडीने २०२७पर्यंत तरी सपोर्ट देऊ म्हटलंय. आधीचं एएम४ २०१६चं, त्यावर २०२४मध्येही नवे प्रोसेसर आले होते.

---

गोगलगाय

माझं मत जरा वेगळं आहे. अपग्रेडची वाट दिसते म्हणून पैसे घालवू नका. आमच्या घरात आतापर्यंत पाच डेस्कटॉप झाले, एकातही प्रोसेसर बदलला नाही. रॅम वाढवली, डिस्क बदलली, बस. आर्किटेक्चरची पाच वर्षं, त्यातलं एक संपलं. चार वर्षांनी मुलगी कुठे नोकरीला लागेल, ऑफिसचं मशीन मिळेल. आजच्या कामाला काय लागतं ते बघा.

---

रेघोटी

गोगलगाय, प्रोसेसरबाबत तुमचं पटतं. पण रॅमसाठी तरी जागा हवी ना? एच६१०वर रॅमचे दोनच स्लॉट असतात. बी६५०च्या बऱ्याच बोर्डांवर चार.

---

शनिपार

इतकी चर्चा झाली आणि विजेबद्दल कोणी बोललं नाही! वारजे असो, कोथरूड असो, गुरुवारी दुरुस्तीला वीज जाते, आणि पावसाळ्यात तर वार बघायची गरजच नाही. यूपीएसशिवाय हे मशीन लावू नका. ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. कार्ड नसताना मशीन आणि मॉनिटर त्यात बसतात, पण तो फाइल सेव्ह करून बंद करायला आहे, तासभर काम करायला नाही. पुढे कार्ड टाकणार असाल तर १ केव्हीएच घ्या. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा. आमच्या जुन्या वाड्यात अर्थिंगच नव्हतं, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या.

एसएमपीएसबद्दलही लिहितो, कारण मी भोगलंय. बिननावाचा एसएमपीएस होता, डब्यावर ५०० वॅट छापलेलं. संध्याकाळी व्होल्टेज वरखाली झालं, फट् आवाज आला, आणि तो एकटा गेला नाही, बोर्ड घेऊन गेला. ८० प्लस ब्राँझ म्हणजे अर्ध्या भाराला ८५ टक्के कार्यक्षमता. तो शिक्का स्वतः संरक्षणाची हमी देत नाही, पण कंपनीने निदान तपासणीला माल दिलाय एवढं कळतं. कंपनीचं नाव नसलेला एसएमपीएस कुणी फुकट दिला तरी नको म्हणा.

---

माजी_गणेशखिंड

थोडं अवांतर, पण मूळ प्रश्नाला धरून.

वर कोअरवरून वाद वाचला आणि जुनी आठवण झाली. आपल्या पुण्यात १९८८ला सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली, अमेरिकेने प्रगत यंत्रं देण्यात मोडता घातला म्हणून. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ला परम ८००० हा महासंगणक तयार झाला. मी तेव्हा विद्यापीठात शिकत होतो, ते नाव उच्चारताना आमची छाती फुगायची. त्यातली कल्पना हीच होती: एक महाकाय प्रोसेसर करण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे पुष्कळ लहान प्रोसेसर जोडायचे आणि काम वाटून द्यायचं. हवामानाचा अंदाज असा वाटता येतो, नकाशावरचा प्रत्येक चौकोन वेगळ्या प्रोसेसरला. रेंडरिंगही वाटता येतं. रेघोटींनी सांगितलेली भिंत सरकवणं वाटता येत नाही. म्हणून "१० कोअर बरे की ६" याचं उत्तर डब्यावर मिळणार नाही, मुलगी दिवसभर काय करते त्यावर मिळेल.

परम ८०००ची ताकद साधारण एक गिगाफ्लॉप (सेकंदाला शंभर कोटी गणितं) होती. ताई, तुम्ही निवडताय त्यातल्या कुठल्याही प्रोसेसरची कागदावरची क्षमता शेकडो गिगाफ्लॉप आहे. तुमच्या लेकीच्या टेबलाखाली हे यंत्र येणार याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

जाईजुई

माजी_गणेशखिंड, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिने पाच मिनिटं मोबाइल खाली ठेवला, यातच सगळं आलं.

एक राहिलं. "यात एआय आहे" याचं काय?

---

निळा_पतंग

८६००जी मध्ये एआयसाठी वेगळा भाग आहे, १६ टॉप्सचा (एक टॉप्स म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं). मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीसाठी ४० टॉप्स लागतात. त्यामुळे त्यासाठी म्हणून जास्त पैसे देऊ नका. ऑटोकॅड-रेविटला त्याचा उपयोग नाही.

---

सोनटक्का

बरोबर. ताई, माझं मत आता थेट देतो. दुसरं मशीन घ्या, पण रॅम १६ + १६ करून. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे बिल वाढेल हे कबूल. सगळं एकदम झेपत नसेल तर आज ८ + ८ घ्या, चार स्लॉटचा बोर्ड घ्या आणि पुढे वाढवा. मात्र चारही स्लॉट भरले की डीडीआर५चा वेग खाली येतो, म्हणून शक्य असेल तर आत्ताच १६ + १६. कार्डाचे पैसे तिसऱ्या वर्षासाठी बाजूला ठेवा.

बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्या. बॉक्स जपून ठेवा.

---

चकमक

कार्ड आत्ता घेणार नाही हे पक्कं असेल, तर मीही दुसरंच म्हणेन. आत्ताच कार्ड घेणार असता तर मी इंटेलसाठी भांडलो असतो, पण एच६१०वर नाही, बी७६० मदरबोर्ड आणि दोन स्टिकवर.

---

जाईजुई

मंडळी, मशीन घरी आलं!

दुसरंच घेतलं. १६ + १६ केली. त्यासाठी एसएसडी १ टीबीच ठेवली आणि स्पीकर, नवा कीबोर्ड वगळला, जुनाच चालतोय. दुकानदाराने आधी ३२ची एकच स्टिक काढली होती. लेकीनेच विचारलं, "काका, मग सीपीयू-झेडमध्ये ४ x ३२ कसं दिसणार?" त्यांनी काही न बोलता दोन स्टिक काढल्या, आणि नंतर आम्हाला चहा पाजला.

यूपीएस १ केव्हीए घेतला, शनिपार. इलेक्ट्रिशियन परवा येऊन गेला. आमच्या एका सॉकेटचं अर्थिंग खरंच सुटलेलं होतं, जोडून घेतलं.

आता एक शंका. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग ४८०० दिसतोय, बिलावर ५२०० आहे. आणि सीपीयू-झेडमध्ये तर २४००च. फसवलं का?

---

सोनटक्का

अभिनंदन! फसवलेलं नाही. सीपीयू-झेड मूळ घड्याळाचा वेग दाखवतो, डीडीआर म्हणजे प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून २४००चे ४८००. आणि ५२०० मिळवायला बायोसमध्ये जाऊन एक्सपो (रॅमचा छापील वेग लावणारं सेटिंग) चालू करावं लागतं. मशीन सुरू होताना डिलीट दाबत राहा, बायोस उघडेल, पहिल्याच पानावर बहुतेक एक्सपो दिसेल. चालू करा, सेव्ह करून बाहेर या. त्यानंतरचं पहिलं बूट एखादं-दोन मिनिट घेईल, स्क्रीन काळी राहील. तेव्हा घाबरून बटण दाबून बंद करू नका, रॅमची जुळवणी चालू असते.

---

जाईजुई

झालं! दीड मिनिट आम्ही दोघी श्वास रोखून काळ्या स्क्रीनकडे बघत होतो. आता ५२०० दिसतंय, आणि सीपीयू-झेडमध्ये ४ x ३२.

जुन्या आय-थ्रीवर काय टाकू? ४ जीबी रॅम आहे, फेकवत नाही. मुलीच्या आजोबांना त्यावर नाट्यसंगीत ऐकायचंय.

---

अर्धविराम

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका, एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, आणि जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी बसवा. आजोबांसाठी आयकॉन मोठे करून द्या. काही अडलं तर इथेच लिहा, मी दुपारी दोन ते चार सोडून असतो.